धडधड पित्ताची नव्हती

पहाटे साडेतीनला जाग यायची, छाती धडधडायची. मला वाटलं पित्त, मग वाटलं हृदय. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. ठाणे स्टेशनवर ऐरोलीकडे जाणाऱ्या दोन-दोन लोकल सोडायचे, चढायला पायच उचलत नसे. पोळ्या लाटताना रडू यायचं आणि कारण सांगता यायचं नाही.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी नैराश्य तपासणारा नऊ प्रश्नांचा कागद पुढे केला. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, कशातच रस नसणं, असं किती दिवस? नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. पेन थांबलं, पण खरं तेच लिहिलं. २७ पैकी १६ आले, म्हणजे नैराश्य बऱ्यापैकी होतं. त्यांनी त्या नवव्या उत्तराबद्दल शांतपणे विचारलं, मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी दिली आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये सेव्ह करून घेतला. तो मोफत आहे, रात्रीही लागतो.

चिठ्ठी पंधरा दिवस पर्समध्येच राहिली. आमच्याकडे कुणी विचित्र वागलं की म्हणतात, "याला ठाण्याला पाठवा." १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे, त्यावरून ते आलं. मी तर जन्मल्यापासून ठाण्यातच. ते बोलणं आता मला सहन होत नाही.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे उठले तर ओट्यापाशी त्या बसलेल्या, चहा गाळून. "झोप नाही ना? मग दोघी बसू."

मग मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांच्या गोळ्यांनी पहिले आठ-दहा दिवस नुसती मळमळ. उपयोग जाणवला चौथ्या आठवड्यात. मध्येच बंद करणार होते, डॉक्टर म्हणाल्या, मनाने थांबवू नका, कमी करायची तर मी सांगेन तशी.

बोलण्यासाठी वेगळ्या थेरपिस्ट. पहिल्या ठिकाणी "सकारात्मक राहा" एवढंच ऐकायला मिळालं, दोन सेशननंतर मी जागा बदलली. ते करावंच, त्यात अपराधी वाटून घ्यायचं काही नाही. दुसऱ्या बाईंनी वहीत रकाने आखायला लावले: काय घडलं, मनात काय आलं, त्याला पुरावा काय. "साहेबांनी बोलावलंय म्हणजे नोकरी गेली" हे वाक्य त्या वहीत अकरा वेळा आहे. पुराव्याचा रकाना अकराही वेळा कोरा.

आता सेशन महिन्यातून एकदा. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवायची आहे. साडेतीनला अजून कधीतरी जाग येते. तेव्हा मी सासूबाईंना हाक मारते.