ग्वाल्हेरचं शून्य आणि आमचा पत्त्यांचा गेम

फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणून आम्ही चौघांनी एक गेम बनवलाय, तिसरी-चौथीच्या मुलांसाठी, स्थानिक किंमत शिकवणारा. म्हणजे एकक-दशक-शतक. बरेच जण विचारतायत की इंजिनिअरिंगची मुलं आणि हे काय पुठ्ठ्याचे पत्ते घेऊन फिरताय, म्हणून सगळं एकदा नीट लिहून टाकतेय.

विषय ग्वाल्हेरचाच घ्यायचा हे पहिल्यापासून पक्कं होतं. किल्ला गेटकडून पायी वर चढताना वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं, एकाच खडकात कोरलेलं छोटंसं देऊळ, बहुतेक लोक वरचा मानमंदिर महाल बघायच्या घाईत त्याच्या समोरून सरळ पुढे निघून जातात. आत भिंतीवर शिलालेख आहे, विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६. देवळाला फुलबागेसाठी जमीन दिली त्याची नोंद आहे त्यात. जमीन २७० हात लांब, १८७ हात रुंद, आणि देवाला रोज ५० माळा. बस, एवढंच. पण त्या २७० मध्ये आणि ५० मध्ये शून्य आहे, गोल, बाकीच्या आकड्यांपेक्षा जरा लहान, आणि आज आपण जिथे लिहू नेमकं त्याच जागी. अकराशेहून जास्त वर्षांपूर्वी कोणीतरी बागेचा हिशोब कोरत होता आणि त्याला ह्यात काहीच विशेष वाटलेलं दिसत नाही, रोजच्या कामातलं शून्य आहे ते. मला हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

आता इथे टीममध्ये पहिला वाद झाला. आमच्यातल्या एकाला गेमच्या डब्यावर मोठ्या अक्षरात "जगातलं सगळ्यात जुनं शून्य" छापायचं होतं, आपल्या शहरात सगळे तसंच सांगतात म्हणून. पण कंबोडियात सांबोरचा शिलालेख आहे, शके ६०५ चा, म्हणजे इ.स. ६८३, त्यात ६०५ मधलं शून्य टिंबानं दाखवलंय आणि तो आपल्यापेक्षा जवळपास दोनशे वर्षं जुना. ब्रह्मगुप्तानं तर त्याच्याही आधी, ६२८ मध्ये, शून्याची बेरीज-वजाबाकी कशी करायची त्याचे नियम लिहून ठेवले होते. मुलांच्या हातात देणार आहोत त्या डब्यावर चुकीचं छापायचं नाही ह्यावर मी अडून बसले. शेवटी "भारतातल्या सगळ्यात जुन्या शून्यांपैकी एक, आपल्या किल्ल्यावर" असं ठरलं. माझ्या मते ह्यानं ग्वाल्हेरचं काही कमी होत नाही. आणि ६०५ आम्ही गेममध्येच घेतला, त्याचा एक पत्ता आहे.

गेमची पहिली आयडिया होती थ्रीडी किल्ला. युनिटी ह्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये किल्ला उभा करायचा, मुलानं पळत पळत वर चढायचं, प्रत्येक दरवाज्यापाशी एक प्रश्न, बरोबर उत्तर दिलं की दरवाजा उघडणार. दिसायला मस्त. पण ह्यात शिकायचं काय, तर काहीच नाही. ज्याला येतं तो उत्तर देऊन पुढे जाणार, ज्याला येत नाही तो चारही ऑप्शन दाबून बघणार आणि तोही पुढे जाणार, आणि दोघांनाही प्रश्न ही मजेच्या मध्ये आलेली कटकटच वाटणार. एज्युकेशनल म्हणून जे गेम मिळतात त्यातले कितीतरी असेच असतात, खेळ वेगळा आणि अभ्यास वेगळा. मला मनापासून वाटतं की जे शिकवायचंय तीच गेममधली चाल असली पाहिजे, ते कळल्याशिवाय जिंकताच येऊ नये, आणि कळलं की दुसरं कोणी सांगायची गरजच पडू नये.

मग आम्ही कागद-पेन घेऊन बसलो, कम्प्युटर बंद. शून्य काम काय करतं? जागा धरून ठेवतं. मग जागा सुटली तर काय होतं ते मुलाला डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

तर गेम असा आहे. प्रत्येकाच्या पुढे एक पट्टी, तिच्यावर तीन खण, शतक, दशक, एकक. तुम्ही देवळाचे माळी. ऑर्डर कार्ड वाचून दाखवायचं, त्यावर आकडा अक्षरांतच लिहिलेला असतो, "दोनशे सात माळा". तुम्ही हातातल्या अंकांच्या पत्त्यांतून २ शतकात ठेवता, ७ एककात. मधला खण रिकामा. इथपर्यंत सगळं ठीक. पण गड्डीमध्ये वाऱ्याचे पत्ते आहेत. वारा निघाला की सगळ्यांच्या पट्टीवरचे पत्ते उजवीकडे सरकतात, जोपर्यंत काही अडत नाही तोपर्यंत. २ सरकून ७ च्या शेजारी येतो आणि तुमच्या दोनशे सात माळांच्या उरतात सत्तावीस, पुजारी ऑर्डर परत पाठवतो. दोनशे सत्तर लावले असतील, शेवटचा खण रिकामा ठेवून, तरी तेच सत्तावीस. पन्नासचे पाच. हे टाळायचं असेल तर रिकाम्या खणात शून्याचा पत्ता ठेवायचा, त्यावर आमच्या चित्रकार मैत्रिणीनं किल्ल्याच्या दगडासारखा गोल दगड काढलाय. दगड सरकत नाही आणि डावीकडच्यालाही सरकू देत नाही.

टेस्टिंग माझ्या मामीच्या शाळेत केलं, ती ग्वाल्हेरच्या लष्कर भागात प्राथमिकला शिकवते. सुरुवातीला मुलं शून्याचे पत्ते सरळ टाकून देत होती, "ह्याची किंमत काय, झिरो" म्हणून, आणि नऊसाठी भांडत होती. आम्ही तोंड बंद ठेवायचं असं आधीच ठरवलं होतं, एक शब्द सांगायचा नाही. मग पहिला वारा आला आणि एका टेबलावर चौघांच्या पट्ट्या एकदम कोसळल्या. एक मुलगी बराच वेळ आपल्या पट्टीकडे बघत राहिली, मग टाकून दिलेल्या पत्त्यांत हात घालून शून्य शोधायला लागली. त्यानंतर त्या टेबलावर शून्यासाठी मारामारी.

आणि खरी गंमत पुढे आहे. एका मुलानं पन्नासच्या ऑर्डरला शतकाच्या खणातसुद्धा दगड ठेवला, ०५०. त्याच्या शेजारचा ओरडला, "अरे तिकडे कशाला वाया घालवतोस, तिथे थोडीच काही सरकणारेय, पन्नास ते पन्नासच राहणार!" हे आम्ही नियमांत कुठेही लिहिलं नव्हतं, शिकवायचं म्हणून ठरवलंही नव्हतं. डावीकडच्या शून्याला किंमत नसते हे पुस्तकात एका ओळीत येतं, मुलं पाठ करतात आणि विसरतात, आणि इथे आठ वर्षांचा मुलगा दुसऱ्याला कारणासकट सांगत होता. मामी मला म्हणाली, "हा वर्गात दोनशे सात सांगितलं की २००७ लिहितो गं." बरीच मुलं तसं लिहितात, ऐकतात तसंच, आधी दोनशे मग सात. पट्टीला तीनच खण असल्यामुळे २००७ तिथे मावतच नाही, त्याला थांबून विचार करावाच लागतो.

मोबाईलवरचं व्हर्जनही केलंय, कारण आमच्या गाईड सरांचा प्रश्न बरोबर होता की ह्यात टेक्नॉलॉजी कुठे आहे. त्यात वाऱ्याची वेळ आली की फोन उजवीकडे कलता करायचा, फोनमधल्या ॲक्सेलरोमीटरवरून, म्हणजे फोन कसा कलला ते ओळखणाऱ्या सेन्सरवरून कळतं आणि अंक घरंगळतात. कोडिंगवाल्यानं घरंगळणं इतकं छान जमवलंय की मोठी माणसंही फोन हलवत बसतात. तरी मला पुठ्ठ्याचंच जास्त आवडतं, आणि हे मी व्हायव्हामध्येही सांगणार आहे. एक फोन एका मुलाच्या हातात जातो आणि बाकीचे मान वाकडी करून बघतात. पत्ते मांडले की चौघंही भांडतात, आणि वरचं "पन्नास ते पन्नासच" हे भांडणातूनच आलं. शिवाय खर्च म्हणाल तर पाटणकर बाजारातल्या दुकानातून प्रिंट आणि लॅमिनेशन, संपलं.

बागेचं मोजमापही आम्ही करून बघितलं. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट. दोरीला त्या हिशोबानं गाठी मारून कॉलेजच्या मैदानावर लांबी-रुंदी टाकली तर अंदाजे चारशे फूट बाय दोनशे ऐंशी, चांगलीच मोठी बाग. आमच्यातल्या उंच मुलाचा हात धरला तर बाग अजून वाढते, त्यावरून अर्धा तास चर्चा, आणि मुलांना हे करायला लावायचं असं ठरलं. टीचरसाठी जो कागद डब्यात जातो त्यात ही ॲक्टिव्हिटी टाकलीय.

आता पाच खणांच्या पट्टीवर काम चाललंय, चौथी-पाचवीसाठी. शेवटचं ऑर्डर कार्ड बागेच्या क्षेत्रफळाचं ठेवलंय, २७० गुणिले १८७, म्हणजे ५०,४९०. दोन दगड लागतात त्याला, एक मधे, एक शेवटी. अडचण एवढीच की पाच खणांत वारा वारंवार आला तर खेळ फार लांबतो, मुलं कंटाळतात, म्हणून वाऱ्याचे पत्ते किती ठेवायचे ते अजून बदलून बघतोय. ग्वाल्हेरमध्ये कोणाच्या घरी किंवा वर्गात चौथी-पाचवीची मुलं असतील तर सांगा, आम्ही सेट घेऊन येतो.