खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आलेली काळी गाडी

पुण्यात गाड्यांच्या डिटेलिंगचं, म्हणजे बारकाईने धुऊन चमकवायचं काम करतो मी, सात वर्षं झाली. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे नुसती झुंबड असते, प्रत्येकाला पूजेला गाडी चकाचक हवी. त्या गर्दीत सकाळी साडेनऊला एक काका काळी होंडा सिटी घेऊन आले आणि म्हणाले, वॅक्स मारून दे बाबा, चमक गेलीये सगळी.

बॉनेटवर टॉर्च मारला तर प्रकाशाभोवती बारीक ओरखड्यांचं गोल गोल कोळ्याचं जाळं. काकांना विचारलं रोज कशाने पुसता, तर त्यांनी डिकीतून पिवळा फडका काढला. रोज सकाळी फिरून आलो की कोरडाच मारतो म्हणाले, नऊ वर्षं एक दिवस चुकला नाही. मला कसंतरीच झालं, कारण इतक्या जीव लावून केलेल्या कामानेच गाडीची ही अवस्था झाली होती. आमच्याकडे रस्त्याची धूळ म्हणजे निम्मी वाळू-सिमेंट, ती कोरडी पुसली की पॉलिश पेपर घासल्यासारखंच. वॅक्सने सहसा ओरखडे पडत नाहीत हो, वॅक्सच्या आधी जे अंगावर राहतं त्याने पडतात.

म्हणून धुण्यातच तास घालवला. गाडी सावलीत घेतली, बॉनेटला उलटा हात लावून गार झालंय का बघितलं (ऑक्टोबरचं ऊन, चटका बसतो), आधी नुसत्या पाण्याच्या प्रेशरने वरून खाली धूळ उतरवली, मग दोन बादल्या, एकीत शॅम्पू आणि दुसरीत मिट (धुवायचा मऊ हातमोजा) खळबळायला साधं पाणी, दोन्हीच्या तळाला जाळी. हात सरळ रेषेत फिरवायचा, गोल नाही. दाराखालची पट्टी आणि चाकं सगळ्यात शेवटी, त्यांचा मिट वेगळा. गाडी टिपून झाल्यावर काकांच्या हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घातली आणि म्हणलं आता टपावरून बोटं फिरवा. पिशवीतून कसं सगळं जास्त जाणवतं. काका एकदम थांबले, म्हणाले अरे ही तर रव्यासारखी लागतीये, आत्ताच धुतली ना? तो रवा, म्हणजे रंगाला चिकटून बसलेली घाण, निघतो क्ले बारने (मऊ मातीसारखी वडी), भरपूर लुब्रिकंट म्हणजे बुळबुळीत पाणी मारून हलक्या हाताने, आणि क्ले जमिनीवर पडला तर तो सरळ फेकून द्यायचा.

मग पॉलिशचा पातळ हात, त्यावर कार्नोबा वॅक्स. हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, जाड थापलं तर पुसताना जोर लावावा लागतो आणि जोर लावला की घोटाळा होतो. फोमच्या पॅडवर जरासंच घ्यायचं, दोन फुटांचा तुकडा करायचा, बोट ओढून बघायचं, रेघ स्वच्छ निघाली की पुसायला घ्यायचं.

तीन वाजता डावं पुढचं दार पुसताना मला बारीक कर्र असा आवाज आला. माझ्या हाताखालच्या पोराच्या हातातलं मायक्रोफायबरचं कापड खाली पडलेलं, त्याने ते झटकलं आणि परत चालू केलं. चार बोटं लांब ओरखडा! कापड उलगडून टॉर्चखाली धरलं तर धाग्यात खसखशीएवढा एक खडा. पोरगं पांढरं पडलं, दादा चुकलं म्हणून तिथेच उभं राहिलं. मी ओरडलो नाही, कारण पडलेलं कापड टाकायची वेगळी बादली मीच त्या दिवशी गर्दीत ठेवली नव्हती.

नख फिरवून बघितलं, अडकत नव्हतं, म्हणजे क्लिअर कोटच्या (रंगावरचा पारदर्शक थर) खालपर्यंत गेलेलं नव्हतं. तरी जाडी मोजायचं गेज लावलं, ११६ मायक्रॉन. म्हणजे पत्र्यावर प्रायमर, रंग, क्लिअर कोट सगळं मिळून कागदाच्या एका पानाएवढं, त्यातला क्लिअर कोट साधारण ४० मायक्रॉन असतो, पॉलिश करताना आपण त्यातलाच थोडा घासून काढतो त्यामुळे पॉलिशची मशीन उगाच फिरवायची नसते. काकांना बोलावून ओरखडा दाखवला, कसा झाला तेही सांगितलं. लपवला असता तर त्यांना कदाचित कळलंही नसतं, पण मला झोप लागली नसती. मग त्या जागेचं वॅक्स उतरवलं, मऊ पॅड, सगळ्यात बारीक पॉलिश, कमी स्पीड, चार हात मारले आणि रेघ गेली. परत वॅक्स.

सहाला गाडी दिली. काका पाच मिनिटं नुसते दाराजवळ वाकून स्वतःचा चेहरा बघत होते. पैसे देताना म्हणाले, उद्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं का नाही? मी म्हणलं काचेवर काढा काका, हळद-कुंकू रंगावर घासलं जायला नको. ते हसले, पिवळा फडका आमच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि दोन मायक्रोफायबर विकत मागितले. पोराने ते द्यायच्या आधी कात्री घेऊन दोन्हींच्या कडेचं लेबल कापून टाकलं, टोचतं म्हणून. मी सांगितलं नव्हतं त्याला.