प्रश्न प्यायच्या पाण्याचा, उत्तर मोरीत

पावसाळा लागला की आमच्या सोसायटीतले लोक मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत नळाचं पाणी भरून माझ्याकडे घेऊन येतात. "ताई, ब्लीचिंगचा वास मारतोय, तुमच्या लॅबमध्ये जरा बघा ना, कॅन्सरचं काही असतं म्हणे त्यात."

असतं, पण त्या बाटलीत आता सापडायचं नाही. लोकांना ज्याची भीती वाटते ती ट्रायहॅलोमिथेन, म्हणजे क्लोरोफॉर्म आणि त्याची ब्रोमीनवाली तीन भावंडं, सगळी उडून जाणारी. नमुना घ्यायचा तो 40 मिलीच्या काचेच्या व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या कुपीत, टेफ्लॉनच्या सेप्टमचं (पातळ चकतीचं) झाकण लावून. आत आधीच थायोसल्फेट नावाचा क्षार घातलेला असतो, उरलेला क्लोरीन मारायला. नाहीतर लॅबमध्ये पोचेपर्यंत व्हायलमध्येच नवीन माल तयार होत राहतो. धार बारीक ठेवून काठोकाठ भरायचं, झाकण घट्ट करायचं, व्हायल उलटी करून टिचकी मारायची. बुडबुडा दिसला तर तो नमुना बाद, कारण क्लोरोफॉर्म पाण्यातून निघून त्या बुडबुड्यात जाऊन बसतो.

ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

धरणात कुजलेला पालापाचोळा आणि आपण टाकलेला क्लोरीन यांच्या संयोगातून ही रसायनं होतात, हे 1974 साली रॉटरडॅममध्ये योहानेस रूक यांनी दाखवलं. अमेरिकेने 1979 मध्ये चारही मिळून लिटरला 100 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली, पुढे ती 80 केली. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, प्रत्येकाची मर्यादा वेगळी आहे: लिटरला क्लोरोफॉर्म 200 मायक्रोग्रॅम, ब्रोमोडायक्लोरोमिथेन 60.

हे झाले पाण्याचे आकडे. माणसाच्या अंगात किती गेलं, हा निराळाच हिशेब. तो बरेच दिवस "रोज दोन लिटर पाणी पितो" असं धरून मांडला जायचा. मग न्यू जर्सीत जो, वायझेल आणि लिओय यांनी माणसांना शॉवरखाली उभं केलं आणि नंतर त्यांचा उच्छ्वास तपासला. एकदा नेहमीसारखी आंघोळ, एकदा रबरी कपडे आणि बूट घालून, म्हणजे वाफ नाकातून जाईल पण पाणी कातडीला लागणार नाही. 1990 साली निष्कर्ष छापून आला: कातडीतून साधारण तेवढंच जातं जेवढं नाकातून, आणि दहा मिनिटांच्या शॉवरची दोन्ही मिळून बेरीज दिवसभर प्यायलेल्या पाण्याच्या तोडीची.

1998 चा प्रयोग तर मला फारच आवडतो. माणूस टबात, तोंडाला मास्क लावून शुद्ध हवा, म्हणजे फक्त कातडीचा हिशेब. 30 अंशांच्या पाण्यापेक्षा 40 अंशांच्या पाण्यात उच्छ्वासातला क्लोरोफॉर्म सुमारे तीसपट! गरम पाण्याने कातडीतलं रक्ताभिसरण वाढतं, म्हणून. आणि आपण स्वयंपाकघरात हजारोंचा फिल्टर लावून, खिडकी बंद करून, गीझरच्या कढत पाण्याने निवांत आंघोळ करतो.

बार्सिलोनात 49 जणांना तरणतलावात 40 मिनिटं पोहायला लावलं, तर उच्छ्वासातलं ट्रायहॅलोमिथेनचं प्रमाण सातपट झालं.

मग रक्त तपासून मोकळं का होत नाही? कारण ट्रायहॅलोमिथेन रक्तात टिकत नाहीत. सकाळच्या आंघोळीचं संध्याकाळी फारसं काही उरत नाही. सुई नेमकी कधी टोचली यावर आकडा ठरतो. उलट ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल, तेही क्लोरीनमुळेच पाण्यात तयार होतं, पण उडत नाही, ते मुख्यतः पिण्यातूनच जातं आणि लघवीत काही दिवस सापडतं. म्हणजे एक खूण आंघोळीची, दुसरी पिण्याची. आणि संशय ज्याचा आहे तो मूत्राशयाचा कॅन्सर व्हायला तर दशकं लागतात. त्यामुळे अभ्यासकांना शेवटी रुग्णांना विचारत बसावं लागतं, तुम्ही कुठल्या साली कुठल्या गावात राहत होतात, आंघोळ किती वेळ करायचात, पोहायला जायचात का. लॅबमध्ये एवढं भारी यंत्र, आणि अखेर भिस्त माणसाच्या आठवणीवर.

बाटली घेऊन येणाऱ्यांना मी एवढंच सांगते की एक्झॉस्ट फॅन लावा, पाणी कोमट घ्या, प्यायचं पाणी उघड्या भांड्यात उकळलंत तर क्लोरोफॉर्म उडून जाईल. पण "मग टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणंच बंद करायला सांगू का गावात?" असं कुणी विचारलं की मात्र माझा आवाज चढतो. गढूळ पाण्यातून होणारी गॅस्ट्रो आणि कावीळ चार दिवसांत घर झोपवते. जागतिक आरोग्य संघटनाही बजावून सांगते की उपउत्पादनांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड नको. गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या जलसुरक्षकाने ओटी टेस्ट, म्हणजे उरलेल्या क्लोरीनची तपासणी, केली की नळाच्या पाण्याला पिवळा रंग आलाच पाहिजे, शेवटच्या घरीसुद्धा.