पाऊणपट

जूनचा दुसरा आठवडा. पाऊस तिरपा येत होता आणि कुरियरचा मुलगा पडवीत उभा राहून प्लास्टिकच्या तीन थरांतून पार्सल सोडवत होता. माझ्या नवव्या कादंबरीच्या लेखकाच्या दहा प्रती. कात्री सापडेना, म्हणून विळीवरच दोरी कापली आणि वरची प्रत काढली.

मुखपृष्ठावर एक मुलगी होती. बावीस-तेवीसची, पांढरा झगा, अर्धी वळून आपल्याकडे बघणारी, केस वाऱ्यावर. तिच्या शेजारी शर्टाची बटणं लावायला विसरलेला एक तरुण. मागे गुलाबी संध्याकाळ, समुद्रावर टेकलेला भलामोठा पूर्ण चंद्र, आणि कोपऱ्यात तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचं एक दीपगृह, जे मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत मी तरी कुठे पाहिलेलं नाही.

माझी नायिका एक्केचाळीस वर्षांची आहे. देवबागच्या वाटेवर खानावळ चालवते. तिच्या हातांना कायम कांद्याचा वास येतो आणि त्या वासावर पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे. नायक बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आणि जवळचं वाचताना चष्मा शोधतो. मला दाखवलेल्या मुखपृष्ठावर पत्र्याची पडवी होती, दोन खुर्च्या होत्या, एका खुर्चीवर वाळत टाकलेला टॉवेल होता. त्या टॉवेलसाठी मी चित्रकाराला फोन करून धन्यवाद दिले होते.

प्रकाशकांकडे फोन लावला. तिथला मुलगा हुशार आहे, आवाजही चढवत नाही. म्हणाला, "ताई, आता दुकानात उभं राहून पुस्तक कोण बघतंय? मोबाइलवर नखाएवढं चित्र दिसतं. नखाएवढ्या चित्रात टॉवेल दिसत नाही. चेहरा दिसतो." मला पुढे बोलता येईना, कारण तो खोटं बोलत नव्हता. मी स्वतः नखाएवढी चित्रं बघूनच पुस्तकं मागवते.

प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईला एव्हाना सवय झाली असेल असं लोकांना वाटतं. नाही होत. दर वेळी वाटतं की आपल्या पोरीला कुणीतरी दुसऱ्याच पोरीचे कपडे घालून बोहल्यावर उभं केलंय, आणि आपण अक्षता हातात घेऊन गप्प. सुंदर बाईला माझा विरोध नाही. आमच्या घरी आजोबा दिवाळी अंकांची मुखपृष्ठं कापून ठेवायचे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही गोव्याचे, म्हणजे आमच्या हिशेबी शेजारचेच. त्यांनी रंगवलेल्या बायका आमच्या गावात तरी कुणी पाहिल्या नव्हत्या. पण निऱ्या कुठून निघतात आणि पदर कुठे टेकतो हे त्या माणसांना ठाऊक होतं. खोटी बाई काढायची तरी लुगडं खरं असायचं.

अकराच्या सुमारास मैत्रिणीनं व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. एका पुरवणीत पुस्तकाचं परीक्षण आलं होतं. परीक्षणाची प्रत लेखकाच्या आधी जाते, हा आमच्या धंद्यातला रिवाज. दोनेकशे शब्द. 'निखळ रंजन', 'ओघवती भाषा', 'पावसाळी दुपारी वाचायला ठीक'. ओघवती हा शब्द पुस्तक न उघडता वापरता येतो. तोवर मी शांत होते. मग पुढचं वाक्य आलं: नुकतंच कॉलेज संपवलेल्या तरुणीच्या पहिल्या प्रेमाची ही कथा.

तीनदा वाचलं. परीक्षकानं मुखपृष्ठाचं परीक्षण लिहिलं होतं.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. प्रेमकथेला शिव्या नवीन नाहीत. चंद्रकांत काकोडकरांवर तर १९६२ च्या दिवाळी अंकातल्या एका कथेवरून अश्लीलतेचा खटला चालला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. लेखकाचे काय हाल झाले असतील ते झाले असतील, पण न्यायमूर्तींना ती कथा शेवटपर्यंत वाचावी लागली. माझ्या वाट्याला 'ठीक'.

घरात बसवेना. पाऊस जरा उघडला तशी एक प्रत पिशवीत घातली आणि स्कूटरवरून वाचनालयात गेले. दर पुस्तकाची एक प्रत मी तिथे देते. दोन खोल्यांचं, 'ड' वर्गाचं वाचनालय. डांबर गोळ्यांचा आणि ओल्या छत्र्यांचा वास. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे या दोन महिन्यांत तिथे जेवढे तांडेल आणि खलाशी वर्तमानपत्र धरून बसलेले दिसतात तेवढे वर्षभरात दिसत नाहीत.

ग्रंथपाल बाईंनी नवं पुस्तक उलटसुलट करून बघितलं. मुलीच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. "चांगलां असा," म्हणाल्या, आणि लगेच, "पण दिवाळीपर्यंत जाताला ता."

मला कळलं. मुखपृष्ठाच्या कार्डाला लॅमिनेशन एकाच बाजूनं असतं. आतली उघडी बाजू आमची पावसाळी हवा पिऊन फुगते, बाहेरची फुगत नाही, आणि कव्हर केळीच्या पानासारखं बाहेर वळतं. मग कडा सुटतात, मग कसर लागते. शेवटी सगळी पुस्तकं बाइंडरकडे जातात आणि एकसारखी होऊन परत येतात: मरून रंगाचा कणा, पुठ्ठ्यावर ठिपक्यांचा कागद, पांढऱ्या रंगात नंबर. त्या कपाटासमोर उभं राहिलं की कोण लोकप्रिय, कोण गंभीर, काही कळत नाही. वाचक नंबर सांगतात, किंवा बाईंना विचारतात, किंवा पुस्तक उघडून बघतात.

"ताई, तुमचां एक जुनां पुस्तक बघून घ्या मां," बाई म्हणाल्या. "वाचणारे त्याच्यात वायच ज्यास्तच लिवतत."

माझी चौथी कादंबरी. हातात घेतली तरी ओळखली नाही. तिच्यावर गुलाब होता, सोनेरी अक्षरं होती, त्यावरून मी तेव्हा पंधरा दिवस जेवले नव्हते नीट. आता तो गुलाब कुठल्या बाइंडरच्या कचऱ्यात गेला कोण जाणे. शेवटच्या पानावर तारखेच्या चिठ्ठ्या एकीवर एक चिकटवलेल्या, तिसरी भरत आलेली. आणि आत पेन्सिल.

पान २३ वर, नायकाच्या पत्राशेजारी: 'एवढं लांब पत्र कोण लिहितं?' खाली दुसऱ्या अक्षरात: 'आमच्या ह्यांनी लिहिलेलं.' पान ५० वर नुसतं 'बंडल'. पान ७७ वर एका वाक्याखाली रेघ आणि काहीच नाही. ते वाक्य मी स्वतः विसरले होते. पान ९० वर चहाचा गोल डाग, त्याच्या आत 'सॉरी'. मी खुर्ची ओढून बसले. सकाळचं परीक्षण एका घोटात वाचून झालं होतं. हे वाचायला दीड तास लागला.

पान ११८ वर माझा लाडका प्रसंग आहे. पौर्णिमेची संध्याकाळ, चिवल्याची वाळू, चंद्र उगवतोय आणि भरतीचं पाणी दोघांच्या पायांशी येतंय. समासात ठसठशीत, लिहायची सवय नसलेल्या हाताचं अक्षर: 'चूक. पूर्णिमेक चंद्र वर येता तेवा सुकती असता. पावणपट करून बघा.' सुकती म्हणजे ओहोटी. त्याखाली कुणा बाईच्या वळणाचं: 'गप वाच मेल्या.'

मी मोठ्यानं हसले, दोन तांडेलांनी पेपर खाली केले. आणि मग कान गरम झाले.

पाऊणपट मला तिसरीपासून येते. तिथीची पाऊणपट करायची, जे येईल तितक्या वाजता भरती. अष्टमीची पाऊणपट सहा, तर भरती सहाला. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला पाणी भरलं तर सहा तासांनी, चंद्र नारळांच्या मागून डोकं काढतो त्या सुमाराला, पाणी पार तळाला गेलेलं, फार तर नुकतंच परतायला लागलेलं. हे मी ज्या घरात शिकले ते घर समुद्रापासून शंभर पावलांवर होतं. आणि मी पौर्णिमेच्या चंद्रोदयाला भरती आणली, कारण तेव्हा ती छान दिसत होती. दीपगृह चिकटवणाऱ्या माणसात आणि माझ्यात मग फरक तो काय?

त्या क्षणी पोटात खड्डा पडला, कारण नव्या पुस्तकात संकष्टी आहे.

खानावळवाली दिवसभर उपाशी. पार्सलं संपवून ती आणि तो रात्री साडेनऊला किनाऱ्यावर चंद्राची वाट बघत बसतात. चंद्र माडांच्या मागून येतो (एवढं तरी मी बरोबर लिहिलं होतं, पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळी चंद्र समुद्रातून काढायचं काम मुखपृष्ठानं केलं), आणि तेवढ्यात पाणी त्यांच्या पायांपर्यंत येतं. भिंतीवर कालनिर्णय लटकत होतं. साळगावकर आमच्या मालवणचेच, त्यांच्यासमोर हिशेब करायला लाज वाटली. चतुर्थी म्हणजे चार. पाऊणपट तीन. भरती तीनला, म्हणजे ओहोटी नवाला. चंद्रोदयाला पुन्हा सुकती. मग डोक्यात लख्ख झालं की भरती-ओहोटी चंद्राच्याच मागे फिरते, तेव्हा कुठलीही तिथी घ्या, आमच्या किनाऱ्यावर चंद्र उगवताना पाणी लांबच असणार. नऊ कादंबऱ्यांत मी किती चंद्र उगवलेत ते मोजायचं धाडस झालं नाही.

"हे अक्षर कुणाचं?" मी बाईंना हळूच विचारलं.

"ता सांगूचां नाय," त्या म्हणाल्या. पण त्यांची नजर खिडकीजवळच्या बाकाकडे गेली. तिथे तिघं होते. तिघांचीही बोटं जाळी विणणारी, तिघांच्याही खिशाला काही ना काही अडकवलेलं. एकानं टेबलावरच्या नव्या पुस्तकावरच्या झग्यातल्या मुलीकडे बघून विचारलं, "ह्यां चेडू कोणाचां?"

"माझं नाही," मी म्हटलं.

बाईंनी नव्या पुस्तकाला दाखल नंबर घातला, पहिल्या पानावर शिक्का मारला, आतल्या ठरलेल्या पानावर दुसरा मारला. शाई वाळायला त्यांनी ते पंख्याखाली ठेवलं आणि त्या चहा सांगायला बाहेर गेल्या. टेबलावर त्यांची पेन्सिल होती.

पान ११२ काढलं. 'पाणी त्यांच्या पायांपर्यंत आलं' यावर रेघ मारली. वर बारीक अक्षरात लिहिलं, 'पाणी लांब गेलं होतं.' आणि हात थांबला. पाणी लांब असेल तर त्यांना उठून जावं लागेल. उपाशी बाई, दिवसभर उभी राहिलेली, ओल्या वाळूतून एवढं चालत जाईल का? चष्म्याशिवाय काळोखात तो तिला कुठे धरेल? हा प्रसंग मी पाव पानात उरकला होता, कारण समुद्र आपणहून त्यांच्यापाशी चालत आला होता. समासात जागा पुरेना, तशी मी पान आडवं धरून लिहायला लागले.

"ताई."

बाई चहाचे दोन ग्लास घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मानेनं भिंतीकडे खूण केली. पाटीवर लिहिलं होतं: पुस्तकात खुणा करू नयेत. दंड रुपये १०.

"आदी धा रुपये काढा," त्या म्हणाल्या. बाकावरचे तिघंही बघत होते.