वेलिंग्टनला आलात तर पेटोनीची कामगारांची लाकडी घरं बघून या

वेलिंग्टनला येणारे सगळे टे पापा म्युझियम आणि केबल कार करतात, तुम्हीही करा, पण अर्धा दिवस हातात असेल तर ट्रेन पकडून पेटोनीच्या पॅट्रिक स्ट्रीटला जा. बघायला काय, तर पत्र्याच्या छपराची लाकडी घरं. तिकीट नाही, गाईड नाही, आणि पहिल्या नजरेत "ह्यात काय एवढं" असंच वाटेल. पण सरकारने कामगारांना भाड्याने द्यायला घरं बांधायची, ही गोष्ट न्यूझीलंडमध्ये इथून सुरू झाली. रिचर्ड सेडन पंतप्रधान असताना १९०५ मध्ये त्यासाठी कायदा झाला आणि पुढच्या वर्षी पेटोनीत पहिली २५ घरं आली.

निघण्याआधी वेलिंग्टन स्टेशनसमोरची १८७६ ची जुनी सरकारी इमारत बघून घ्या, आता तिथे लॉ कॉलेज आहे. लांबून दगडी वाटते, जवळ जाऊन हात लावला की कळतं सगळं लाकूड आहे. १८४८ आणि १८५५ च्या भूकंपांत विटांची बांधकामं कोसळली आणि त्यानंतर लोकांनी लाकडाचाच धोशा लावला, शिवाय रिमू, कौरी, टोटारा असलं स्थानिक लाकूड तेव्हा भरपूर होतं. म्हणजे पेटोनीतलं लाकूड हे काही गरिबीचं लक्षण नाही, इथे सरकार स्वतःच लाकडी इमारतीत बसत होतं.

ट्रेन हट व्हॅली लाईनची, जाताना उजवीकडे बसा, सगळा समुद्र त्या बाजूला. स्नॅपर कार्ड (इथलं बस-ट्रेनचं प्रीपेड कार्ड) चालतं. शनिवार-रविवारी रुळांची कामं काढतात आणि ट्रेनऐवजी बस सोडतात, त्यामुळे मेटलिंकचं (इथल्या बस-ट्रेन सेवेचं) ॲप आधी बघा नाहीतर स्टेशनवर ताटकळत बसाल.

गल्लीत शिरल्यावर घाई करू नका. एका घराचा पुढचा त्रिकोणी माथा बघा, मग शेजारच्याचा बघा, वेगळा असतो. कुठे खिडकी पुढे काढलेली, कुठे व्हरांडा कोपऱ्यात. भिंतीच्या आडव्या फळ्या एकावर एक थोड्या चढवलेल्या आहेत, पाणी आत न शिरता ओघळून जावं म्हणून, आणि त्यावर रंगाचे इतके थर बसलेत की कडा गोल झाल्यात. सरकारने डिझाइनसाठी चक्क स्पर्धा घेतली होती आणि त्यात सॅम्युएल हर्स्ट सीगरसारखे नावाजलेले आर्किटेक्ट होते. कामगाराचं घर म्हणून एकच साचा काढून रांग लावून टाकली नाही, हे मला तरी सगळ्यात भारी वाटलं. आपल्या बीडीडी चाळी ह्याच्या जेमतेम पंधरा-वीस वर्षांनंतरच्या, त्याही सरकारनेच बांधलेल्या, आणि तिथे कुटुंबाच्या वाट्याला १६० स्क्वेअर फुटांची एक खोली. इथे तीन बेडरूम, बाथरूम आणि मागे परस.

आता गंमत ऐका. ह्या २५ घरांसाठी अर्ज किती आले? चार! वर्षाला १५६ पाउंडांपेक्षा कमी कमावणाऱ्यालाच घर मिळणार असा नियम, आणि भाडं असं की तेवढ्या कमाईत ते झेपायचं नाही, वर बरीचशी कामं वेलिंग्टनमध्ये म्हणजे ट्रेनचा खर्च वेगळाच. मग अटी सैल कराव्या लागल्या. स्वप्न ५,००० घरांचं होतं, १९१९ पर्यंत सगळ्या देशात साडेसहाशेच्या आसपासच झाली. आज ही गल्ली हेरिटेज यादीत आहे, पण माझ्या मते ती ह्या फसलेल्या हिशोबासाठीही असायला हवी. म्हणून एका घराचा फोटो काढून परतू नका, पूर्ण गल्ली ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला, नाहीतर सरकारने काय करून बघितलं ते लक्षात येत नाही. आणि आता तिथलं घर घेणं आजच्या कामगाराच्या आवाक्यात नाही, हेही आहेच.

ही सगळी लोकांची राहती घरं आहेत बरं का. फूटपाथवरूनच बघा, कुंपणावरून मोबाईल आत घालू नका. समुद्राचा वारा भयंकर असतो, छत्री नेऊन उपयोग नाही, विंडचीटर घ्या. खायला-प्यायला जॅक्सन स्ट्रीटवर कॅफे रांगेने आहेत.

आतून लाकडी घर बघायचं असेल तर परत वेलिंग्टनला येऊन नेर्न स्ट्रीट कॉटेजला जा, विल्यम वॉलिस नावाच्या सुताराने १८५८ मध्ये स्वतःच्या कुटुंबासाठी बांधलेलं, आता म्युझियम आहे. रोज उघडं नसतं, वेबसाईटवर वार-वेळ बघूनच जा, आणि रस्ता चढाचा आहे, आई-बाबा बरोबर असतील तर सरळ टॅक्सी करा.