शेळी सासूबाईंच्या नावानं

"कार्डावर नाव कोणाचं घालू?" चर्चच्या हॉलमध्ये टेबलामागच्या आजींनी विचारलं. मी सासूबाईंचं सांगितलं. नाताळची भेट म्हणून हेफर इंटरनॅशनल या गरजू कुटुंबांना जनावरं देणाऱ्या संस्थेची शेळी. पैसे आपले, शेळी दूर देशीच्या कुटुंबाला, सासूबाईंना नुसतं कार्ड.

आजींनी जांभळ्या शाईनं, जिभेचं टोक बाहेर काढून, एकेक अक्षर कोरलं. शेळी सांभाळणारीच्या नावाला मात्र कार्डावर जागाच नाही. तेच खटकलं.

चर्च ऑफ द ब्रेदरन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाच्या डॅन वेस्ट यांनी ही संस्था सुरू केली. १९४४ साली पहिल्या १७ कालवडी प्वेर्तो रिकोला गेल्या. रीत अशी, की शेळीला झालेली पहिली पाट, म्हणजे मादी करडू, दुसऱ्या गरजू घराला द्यायची. म्हणजे घेणारीही देणारीच. (तिला कार्डबिर्ड कोण देतंय म्हणा!)

आता सासूबाई विचारणारच, "कोणाच्या दारात बांधलीये गं?" काय सांगू?