वाळूचा दाणा

सोमवार, रात्री साडेअकरा

तरणा पाऊस लागलाय. चार दिवस ऊन नाही. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तिथं माझ्या मॉडेलचा रंग काय वाळणार. गेल्या वर्षी याच दिवसांत हट्टानं लॅकर मारला होता. हवेतला दमटपणा धरून सगळा रंग दुधासारखा पांढुरका पडला आणि दोन रात्री खरवडत बसावं लागलं. यंदा पाऊस आहे तोवर फक्त जोडकाम.

टेबलावर सेंच्युरियन रणगाडा आहे, १/३५ मापाचा, जोडायचं तैवानचं किट. डबा दोन महिने कपाटात हिच्या साड्यांमागं दडवून ठेवला होता. सापडला तेव्हा हिनं किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. तेवढ्यावरही दोन दिवस बोलणं बंद होतं.

आज भाग कापताना हसू आलं. फौंड्रीत ज्या उभ्या वाटेनं ओतीव लोखंड साच्यात उतरतं ती स्प्रू. किटचे भाग ज्या चौकटीला लटकलेले असतात तीही स्प्रूच. गेट, रनर, पार्टिंग लाईन, थंड होताना आकसून पडलेला खड्डा, सगळी नावं तीच. आमच्याकडं लोखंड चौदाशे अंशांच्या आसपास उतरतं, किटचं प्लास्टिक बिचारं त्याच्या कितीतरी खाली वितळतं, एवढाच काय तो फरक. दिवसभर बेळगावच्या उद्यमबागेत दुसऱ्यांच्या कास्टिंगवर लाल खडूनं फुल्या मारतो आणि रात्री घरी येऊन स्वतःच फेटलिंग, म्हणजे जास्तीचं घासून काढणं, करत बसतो. मी ब्लेडनं करतो, फौंड्रीतले ग्राइंडरनं.

१/३५ हे असलं अर्धवट माप आलं कुठून, असं मुलीनं विचारलं. १/३० का नाही, १/४० का नाही? खरं कारण सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. १९६१ साली जपानच्या तामियानं पँथर रणगाड्याचं मोटारवर चालणारं मॉडेल काढलं. आत दोन बॅटऱ्या आणि मोटार मावतील एवढं अंग ठेवलं आणि ते भरलं साधारण १/३५. पुढं जगानं तेच धरलं. म्हणजे माझ्या टेबलावरच्या सगळ्या फौजेची उंची दोन बॅटऱ्यांनी ठरवली आहे.

बुधवार

आजपासून टरेट, म्हणजे रणगाड्याचा वरचा फिरता बुरूज.

सेंच्युरियनचं टरेट ओतीव पोलादाचं असतं, वरचं छत तेवढं पत्र्याचं, वेल्ड केलेलं. खालचं धड मात्र सपाट प्लेटांचं. त्यामुळं एकाच गाडीवर दोन प्रकारची कातडी असते. धड गुळगुळीत आणि टरेट खरखरीत. किटमधे टरेटला वाळूच्या साच्याचा खरखरीत दाणा दिलाय, पण लाजत लाजत. मला तो पुरेना.

मला पुरेना, कारण मी खरा दाणा हातानं बघितलाय. काही वर्षांपूर्वी एका लग्नाला नगरला गेलो होतो. अक्षता पडल्यावर जेवण सोडून कॅव्हलरी टँक म्युझियमला पळालो. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलनं १९९४ मधे उभं केलेलं हे म्युझियम. अंगणात ओळीनं उभे आहेत: सेंच्युरियन, विजयंता, पाकिस्तानकडून हाती लागलेले पॅटन. सेंच्युरियनच्या टरेटवर तळवा ठेवला आणि हाताला एकदम ओळख पटली. रंगाचे थर बसलेले, तरी खाली वाळू जाणवत होती. एका बाजूला काहीतरी कापून घासल्यासारखा सपाट पट्टा होता. रायझर असणार, म्हणजे ओतताना जास्तीचा धातू साठवणारा उंचवटा. दूर इंग्लंडातल्या कुठल्यातरी फौंड्रीत कुणीतरी तो गॅसनं कापला असेल, ग्राइंडर फिरवला असेल आणि पाळी संपली म्हणून थोडा तसाच सोडला असेल. आमच्याकडं असतं तर मी फुली मारली असती. तिथं मात्र बराच वेळ हात काढवेना.

शेजारचा विजयंता. तो चेन्नईजवळच्या आवडीला बनला, १०५ मिलिमीटरची तोफ, टरेट प्लेटा वेल्ड करून केलेलं. फौंड्रीवाल्याला त्यात बघायला काही नाही. (वेल्डिंगवाल्यांनी रागावू नये.)

तर दाणा कसा आणायचा. पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिकचा गोंद, ब्रशनं लावायचं, ते प्लास्टिक क्षणभर मऊ करतं, तेवढ्यात केस झिजलेल्या आखूड ब्रशनं टोचत जायचं. त्यावर कुठं कुठं दाट सर्फेसरचे (रंगाआधीच्या अस्तराचे) ठिपके. वाळलं की बारीक पॉलिश पेपर एकदा हलका फिरवायचा, म्हणजे वरची टोकं मोडतात. गोम मापात आहे. खऱ्या टरेटवरचा साडेतीन मिलिमीटरचा उंचवटा ३५ नं भागला की मिलिमीटरचा दहावा भाग उरतो. हात जरा जड पडला की रणगाड्याचा फणस होतो. माझा पहिला फणसच झाला होता, कपाटावर आहे अजून.

मग स्वतःलाच प्रश्न विचारला की हे टरेट ओतताना साचा उघडला कुठं असेल? कारण जोडरेघ तिथंच दिसणार. किटच्या प्लास्टिकची स्वतःची जोडरेघ वेगळ्याच ठिकाणी होती, ती घासून काढली आणि खरी जिथं असावी असं वाटलं तिथं नवी ओढली. जवळपास तीन तास एक दोष पुसण्यात आणि तोच दोष चार मिलिमीटर सरकवून परत काढण्यात गेले. ही येऊन बघून गेली, काही बोलली नाही. झोपताना म्हणाली, "अहो, कारखान्यात पण असंच करता का?"

शुक्रवार

ट्रॅक. एकेक कडी सुटी, एका बाजूला शंभरावर. प्रत्येक कडी कापा, घासा, अडकवा. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. एक कडी चिमट्यातून उडाली. मुलगी, मी आणि मोबाइलची बॅटरी असे तिघं अर्धा तास फरशीवर पालथे. नाही मिळाली. आईनं संध्याकाळी केर काढला होता. राकसकोप धरण भरून वाहायला लागलंय म्हणे.

श्रावण, दुसरा रविवार

ऊन! अकरा वाजता गच्चीवर गेलो ते चार वाजता उतरलो.

गडद हिरवा रंग तीन वेळा मिसळला. डब्यात भारतीय फौजेच्या खुणा नव्हत्या, त्यामुळं नंबर हातानंच रंगवले. आपल्या लष्करी गाड्यांच्या नंबरात वर टोक केलेला बाण असतो. ०००० नंबरच्या ब्रशनं तो बाण काढताना श्वास धरावा लागतो. सातव्या वेळेला जमला.

नंबर कुठल्या गाडीचा द्यायचा यावर बरेच दिवस घोळ घातला होता. मनात पूना हॉर्स रेजिमेंटचं नाव होतं. सेंच्युरियन म्हटलं की तेच आठवतं. १९६५ ला फिल्लोरा, लेफ्टनंट कर्नल तारापोर. १९७१ ला बसंतर नदी, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय २१. दोघेही याच रेजिमेंटचे, दोघेही परमवीर चक्र आणि दोघांचीही तारीख १६. तारापोर १६ सप्टेंबरला गेले, खेत्रपाल १६ डिसेंबरला. खेत्रपालांच्या गाडीचं नाव फॅमागुस्टा, सायप्रसमधल्या गावावरून. गाडी पेटली होती. रेडिओवर ती सोडून यायचा हुकूम आला, तरी तोफ चालते आहे म्हणून त्यांनी सोडली नाही. ती गाडी नगरलाच जतन केली आहे. सगळे तीच करतात. मी नाही केली. जळलेली गाडी चिमट्यानं रंगवत बसायला मला जमणार नाही. त्याच दिवशी, त्याच नदीपलीकडं, धड उभी असलेली बिननावाची एखादी गाडी मला पुरे.

मातीचं काम मात्र बिघडलं. खानापूरच्या वाटेवरची लाल माती चाळून आणली होती, फुकटचं पिगमेंट म्हणून. चाकांना, ट्रॅकला लावली आणि लांबून बघितलं तर गाडी शकरगडच्या लढाईहून नाही, खाणीतून आल्यासारखी दिसायला लागली. पंजाबातला गाळ राखाडी, फिकट तपकिरी. लाल माती धुऊन काढली. दिवाळीच्या किल्ल्याला मात्र हीच माती लागायची. लहानपणी वडगावात आमच्या गल्लीत किल्ला करायचो तेव्हा लाल चिखल, वर हळीव पेरायचा, चार दिवसांत हिरवं गवत. आता डबीतलं गवत विकत आणतो.

ट्रॅकला मात्र फौंड्रीनंच वाचवलं. साच्याला आतून ग्राफाइटचा लेप देतात, त्यातली चिमूटभर भुकटी पुडीत बांधून आणली आणि ट्रॅकच्या जमिनीला लागणाऱ्या कडांवर बोटानं घासली. झिजलेल्या पोलादाची चमक जशीच्या तशी. भट्टीवरच्या कानडी सहकाऱ्याला फोटो दाखवला तेव्हा त्यानं "एन्री इदु?" म्हणजे हे काय, असं विचारत डोळे बारीक केले, मग ग्राफाइटचं कळल्यावर स्वतःहून आणखी एक पुडी दिली.

शेवटी गंज. दोन रात्री गंजावर घालवल्या. तेलरंगातला जळका तपकिरी पातळ करून बोल्टांभोवती, पत्र्यांच्या कडांवर, स्पंजनं रंग उडाल्याचे ठिपके, खाली ओघळ. फार झकास दिसत होतं.

गणपतीचा तिसरा दिवस

मामा आले. खानापूर तालुक्यातल्या गावाहून, भाताची रोपं लावून मोकळे झाल्यावर. वय पंच्याहत्तरच्या पुढं. ते ईएमईत, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागात, मेकॅनिक होते, सेंच्युरियनच्या रेजिमेंटबरोबर बरीच वर्षं. ७१ ला शकरगडच्या बाजूला होते. आमच्या घरी येतात तेव्हा युद्धाचं कधी बोलत नाहीत, पाण्याच्या मोटारीचं बोलतात.

मुलीला रणगाडा गणपतीच्या देखाव्यात ठेवायचा होता, हिनं स्पष्ट नाही म्हटलं. म्हणून तो शोकेसवर होता. आरती झाल्यावर मामांचं लक्ष गेलं.

"काय करूलालास हे?"

मी खाली काढून हातात दिला. चष्मा वर करून, गाडी नाकाजवळ नेऊन बघायला लागले. टरेटवरून अंगठा फिरवला. मी वाट बघत होतो की दाण्याबद्दल काहीतरी म्हणतील. काही नाही. मग मागून, खालून. बराच वेळ.

"बाळू, गाडी चांगली हाय. पण एवढा गंज कुठला रे?"

म्हटलं, "मामा, लढाईतली आहे. वापरलेली."

"वापरलेली म्हणून तर गंज नाही. गंज उभ्या गाडीला चढतो. आम्हाला रोज ग्रीस, रोज पुसणं. गंज दिसला की हवालदार रजा कापायचा. सायलेन्सर दाखव, तो तांबडा असतो, ते बरोबर. बाकी धूळ दाखव, चिखल दाखव. पेट्रोल टाकीच्या तोंडाशी डाग दाखव, पेट्रोल सांडायचंच. काय पेट्रोल पीत होती म्हणून सांगू..."

मग ते सुटले. बारा सिलिंडरचं मिटिऑर इंजिन, विमानाच्या मर्लिन इंजिनाचाच भाऊबंद. त्याचा आवाज त्यांनी तोंडानं काढून दाखवला, मुलगी मोदक हातात धरून बघत राहिली. पेट्रोलवर चालणारी गाडी म्हणून आगीची भीती. नदीकाठची पोकळ माती, गाडी बसली की पोटापर्यंत. सुरुंगांतून वाट पूर्ण साफ व्हायच्या आत रणगाडे पुढं गेले होते, आणि मागून जाणाऱ्यांनी फक्त पुढच्याच्या चाकोरीत चाकोरी ठेवायची. "इकडं तिकडं बघायचं नाही," म्हणाले. एवढंच. मग एकदम, "तुझ्या गाडीची ओढायची रस्सी कुठाय?"

रस्सी अजून लावली नव्हती. किटमधला दोरा मला पटला नव्हता, जळक्या मोटारीच्या वाइंडिंगमधली तांब्याची तार पिळून केली होती. ती दाखवली तशी मामा पहिल्यांदा खूष झाले. दोन्ही टोकांना शॅकल, म्हणजे जोडायचा आकडा, आधीच अडकवलेला पाहिजे म्हणाले. गोळे पडत असताना शॅकल शोधत कोण बसणार? मी चिमटा आणला, त्यांनी सांगितलं, मी लावलं. उजव्या बाजूला, दोन वेढे, टोक पुढं मोकळं. मग जेवायला बसलो.

रात्री

टर्पेंटाइन आणि कापूस घेऊन बसलोय. बोल्टांभोवतीचा निघाला. कडांवरचा निघत नाही, त्यावर हिरवा परत मारतो. गंजावरच्या दोन रात्री आणि अर्धी बाटली टर्पेंटाइन गेली. टरेटच्या डाव्या बाजूचा एक ओघळ निघवत नाहीये. हवालदार काय म्हणेल ते म्हणो, तो ठेवतोय.

दुसऱ्या दिवशी, पावणेदहा

मामा दुपारच्या गाडीनं गेले. आत्ता फोन आला. मला वाटलं पोचल्याचं सांगायला.

"बाळू, झोपलास?"

"नाही मामा. काय झालं?"

"ती रस्सी. डाव्या बाजूला होती. बसमधे आठवलं."

म्हटलं, चिकटवली की हो मामा, फेविक्विकनं.

पलीकडं थोडा वेळ फक्त पावसाचा आवाज. मग म्हणाले, "बघ बाबा, तुझी गाडी हाय. पण डाव्याच बाजूला होती."

ब्लेड शोधतोय.